सागरी रंगांचा भोळा कैवार

खंडन करायचे तर पूर्वपक्ष असा मांडावा की त्याच्या कैवाऱ्यानेही मान डोलवावी. तेव्हा आधी तेच करतो.

समुद्रातल्या जीवांपासून मिळणाऱ्या रंगांविषयी हल्ली लेखांतून, व्याख्यानांतून आणि विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवरून जे कानावर येते त्याचा गोषवारा असा. डांबरापासून आणि खनिज तेलापासून बनवलेल्या रंगांनी नद्या नासवल्या, मिठाईत विष कालवले. उलट समुद्रात शेवाळे, शंख, माकूल, जीवाणू अशा असंख्य जीवांनी रंगांची कोठारे भरून ठेवली आहेत. हे रंग नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी. शिवाय औषधी, जंतू मारतात, कर्करोगाच्या पेशी मारतात, वार्धक्य लांबवतात. आणि समुद्र अथांग, त्यामुळे ते सरण्याचीही भीती नाही. म्हणून कापडापासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे आता त्यांनाच आणावे.

यातली तळमळ मला कळते. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत निळी झालेली भटकी कुत्री हिंडताना दिसली, त्यांची छायाचित्रे पाहून कुणाच्याही पोटात तुटले असते. पण मला त्याच वेळी पंचतंत्रातला कोल्हाही आठवला. तो रंगाऱ्याच्या कुंडीत पडला तेव्हा नीळ शंभर टक्के वनस्पतिजन्य होती. कोल्हा तरीही निळाच झाला. कुंडीतल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न रंग कारखान्यात तयार झाला की निसर्गात, यावरून सुटत नाही. तो नळ कुठे सोडला आहे यावरून सुटतो.

सागरी रंगांची थोरवी सांगणारे सगळे टायरच्या जांभळ्यापासून सुरुवात करतात. मीही तिथेच जातो, फक्त मागल्या दाराने. टायर आणि सिडॉन ही आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची गावे. भूमध्य समुद्रातल्या काटेरी शंखांपासून तिथे जो जांभळा रंग निघे, तो रोमन सम्राटांच्या अंगावर जाई. इथपर्यंत सगळे सांगतात. स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार याच टायरविषयी काय लिहून गेला ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. शहरात रंगाऱ्यांचे कारखाने इतके झाले आहेत की तिथे राहणे नकोसे होते, असे त्याचे म्हणणे होते. शहर श्रीमंत झाले तेही त्यांच्यामुळेच, हेही त्याने नोंदले आहे. म्हणजे रंगाच्या धंद्याने गावाची हवा बिघडणे आणि गावाने पैशाकडे पाहून नाक दाबून घेणे, ही जोडगोळी दोन हजार वर्षांची आहे आणि तिच्यात डांबराचा थेंबही नव्हता. सिडॉनला टाकलेल्या शंखांची एक अख्खी टेकडी साचली. ती आजही आहे.

आता हिशेब. १९०९ साली पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने या जांभळ्याची रेणुरचना शोधून काढली. त्यासाठी त्याने बारा हजार शंख फोडले आणि त्यांतून त्याच्या हाती शुद्ध रंग आला १.४ ग्रॅम. चमचाभरही नाही. अर्ध्या किलोची एक साडी घ्या, तिच्या वजनाच्या दोन टक्के रंग तिच्यावर बसवायचा म्हणा. दहा ग्रॅम रंग लागेल. फ्रिडलेंडरच्या प्रमाणाने त्याला पंच्याऐंशी हजारांवर शंख लागतील. कैवारी म्हणतील, तो रसायनशास्त्रज्ञ होता, शुद्धीकरणात त्याचा बराच माल वाया गेला असणार, जुने रंगारी इतके उधळे नव्हते. मान्य. दसपट सूट देऊ. तरी एका साडीला साडेआठ हजार जीव उरतातच. इ. स. ३०१ मध्ये डायोक्लेशनने काढलेल्या दरपत्रकात एक रोमन पौंड जांभळ्या रेशमाची कमाल किंमत दीड लाख दिनारी लिहिली आहे, आणि शेतमजुराची रोजची मजुरी जेवण धरून पंचवीस. सहा हजार दिवसांची मजुरी. हा रंग राजेशाही होता तो दुसऱ्या कुणाला परवडत नव्हता म्हणून. ‘सर्वांसाठी पर्यावरणपूरक पर्याय’ म्हणून त्याचे नाव घेणे म्हणजे पैठणीला मांजरपाटाचा पर्याय म्हणण्यासारखे आहे.

पण महागाई हा माझा मुख्य आक्षेप नाही. महाग वस्तू स्वस्त होऊ शकते. मला खटकतो तो ‘नैसर्गिक’ हा शब्द, कारण याच शंखाच्या बाबतीत तो नीट तपासला की हातातून निसटतो.

जिवंत शंखात जांभळा रंग नसतोच. त्याच्या कल्ल्यांजवळ एक ग्रंथी असते, तिच्यात जवळजवळ बिनरंगी रस असतो. प्राणी चिरडला, ग्रंथी फाटली, तिच्यातले विकर त्या रसाला भिडले आणि वरून हवा व ऊन लागले की मग तो रस पिवळा, हिरवा, निळा होत होत जांभळ्यावर येतो. या उलथापालथीतून जो रेणू बनतो तो आपल्या ओळखीच्या निळीचाच सख्खा भाऊ आहे; फरक फक्त दोन ब्रोमीन अणूंचा. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीन भरपूर, म्हणून गोगलगाईने ते वापरले. निळीच्या झुडपाला ते मिळत नाही, म्हणून त्याने वापरले नाही. आता गंमत पाहा. हा दोन ब्रोमीनवाला रेणू झाक्स आणि केम्पफ या दोघांनी १९०३ मध्येच प्रयोगशाळेत बनवलेला होता. फ्रिडलेंडरने सहा वर्षांनी बारा हजार शंख फोडून शोधले काय, तर सम्राटांचा रंग म्हणजे बाटलीत आधीच असलेली वस्तू! दोन्ही रेणू शेजारी ठेवले तर कुठला शंखातला आणि कुठला काचेच्या चंबूतला हे रेणूला विचारून कळायचे नाही. तेव्हा ‘नैसर्गिक’ हे विशेषण रेणूला लागत नाही, फार तर त्याच्या जन्मकथेला लागते.

आणि जन्मकथाही कशी फसवते याचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. यहुदी धर्मग्रंथांत वस्त्राच्या गोंड्यातला एक धागा निळा असावा असे सांगितले आहे. हा निळा, तेखेलेत, एका सागरी जीवापासून काढायचा. पण तो जीव कोणता हे ज्ञान पुढे हरपले. पोलंडमधल्या रादझिन गावचे धर्मगुरू गेर्शोन हेनोख लाइनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते परत मिळवायचे मनावर घेतले. त्यासाठी ते इटलीत नेपल्सच्या मत्स्यालयापर्यंत गेले आणि ग्रंथांतली लक्षणे जुळवून त्यांनी निर्णय दिला की तो जीव म्हणजे माकूल. माकुलाची शाई तर काळपट तपकिरी. पण एका रसायनज्ञाच्या मदतीने तिच्यातून झळझळीत निळा निघाला, आणि हजारो अनुयायांनी तो श्रद्धेने धारण केला.

पुढे १९१३ च्या सुमारास आयझॅक हर्झोग या तरुण अभ्यासकाने (हेच पुढे इस्राएलचे मुख्य धर्मगुरू झाले) लंडन विद्यापीठासाठी याच विषयावर प्रबंध लिहायला घेतला. त्यांनी तो निळा धागा रसायनज्ञांकडे तपासायला पाठवला. उत्तर आले, हा प्रशियन निळा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघाताने सापडलेला, लोखंडापासून होणारा, पूर्णपणे कृत्रिम रंग. हर्झोग यांनी रादझिनहून कृती मागवली. शाईत लोखंडाचा कीस आणि पोटॅश घालून ती कडक आचेवर तापवायची, अशी कृती होती. रंग बनत होता लोखंडाचा. माकूल बिचारे फक्त नायट्रोजन पुरवत होते. त्याच्या जागी बैलाचे रक्त घातले असते तरी हाच निळा निघाला असता. बर्लिनमध्ये मुळात झाले होते तेही तसेच, रक्ताने बाटलेल्या पोटॅशमुळे.

यात लाइनर यांची टवाळी करण्याचा हेतू नाही. त्यांचा शोध प्रामाणिक होता, आणि हर्झोग यांनीही त्यांच्याविषयी अनादराने लिहिलेले नाही. मुद्दा इतकाच की ज्या धाग्यावर ‘समुद्रातून आलेला’ अशी सगळ्यांची खातरी होती, त्यात समुद्राचा रंग कणभरही नव्हता. आजची वेष्टने वाचताना मला हा धागा आठवतो. ‘समुद्री शेवाळ’ म्हणून जी निळी-हिरवी भुकटी सगळ्यांत जास्त खपते ती स्पिरुलिना. ती वाढते चाड आणि मेक्सिकोतल्या खाऱ्या-अल्कधर्मी तळ्यांत आणि आता कारखान्यांच्या हौदांत. समुद्राशी तिचा संबंध नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये शेवाळापासून काढलेल्या आणखी एका निळ्याला परवानगी दिली; त्याचा जीव, गॅल्डिएरिया, गरम आम्लधर्मी झऱ्यांत राहतो. सागरी रंगांचा झेंडा असा बिगरसागरी खांद्यांवर चालला आहे.

(तेखेलेतची गोष्ट अर्धी सोडू नये म्हणून सांगतो. १९८०च्या दशकात ओटो एल्सनर या इस्राएली संशोधकाच्या लक्षात आले की काटेरी शंखांपैकी एका जातीच्या रसात, ढग असताना जांभळट छटा येते आणि लख्ख ऊन असताना शुद्ध निळी. रंग कुंडीत विरघळलेला असताना उन्हाने ब्रोमीन झडते आणि मागे उरते साधी नीळ. आपल्याकडच्या निळाऱ्याच्या कुंडीतली.)

आता ‘निरुपद्रवी आणि औषधी’ या जोडविशेषणाकडे वळतो. पूर्वपक्षाची ही सर्वांत दुबळी जागा आहे आणि तिथेच तो सर्वांत जोरात बोलतो. समुद्रातल्या अनेक जीवाणूंपासून प्रोडिजिओसिन नावाचा सुंदर लाल रंग मिळतो. त्यावरचे लेख वाचले तर पहिल्या परिच्छेदात तो जीवाणू मारतो, बुरशी मारतो, कर्करोगाच्या पेशींना आत्मनाशाला लावतो, रोगप्रतिकारशक्ती दाबतो असे असते आणि तिसऱ्या परिच्छेदात, नैसर्गिक असल्याने तो खाद्यपदार्थांत आणि कापडात सुरक्षितपणे वापरता येईल, असे. ही दोन वाक्ये एका पंगतीला बसत नाहीत. जो रेणू पेशी मारतो तो माझ्या आतड्यातल्या पेशींना ओळखपत्र विचारून मारणार आहे काय? मात्रा, मार्ग, मुदत ठरल्याशिवाय औषध नाही, हे आपल्या वैद्यांना चरकाच्या काळापासून माहीत आहे. बरोबर योजले तर विषही औषध होते आणि चुकले तर औषधही विष, हे तिथेच शिकवले जाते. ज्याला गुण आहे त्याला दोषही असणार. गुण तेवढे सागरी आणि दोष तेवढे रासायनिक, अशी वाटणी होत नाही.

या लाल रंगाला तर इतिहासही आहे. १८१९ साली इटलीत पाडुआजवळच्या एका खेड्यात मक्याच्या शिजवलेल्या पिठावर रक्तासारखे डाग पडू लागले. गावकरी भ्याले. बार्तोलोमिओ बिझिओ याने ते एका सूक्ष्मजीवाचे काम आहे असे दाखवून त्याला सेराशिया हे नाव दिले. पुढे शंभरसव्वाशे वर्षे हा लाल जीवाणू निरुपद्रवी मानला गेला. इतका, की १९५०च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून शहरावर त्याचे धुके सोडले. जंतुयुद्ध झाले तर जंतू किती दूर पसरतील हे पाहायचे होते, आणि लाल रंगामुळे हा जीवाणू ओळखायला सोपा होता. त्याच सुमारास तिथल्या एका रुग्णालयात अकरा जणांना याच जीवाणूचा संसर्ग झाला, एक दगावला. धुक्याचा आणि मृत्यूचा संबंध न्यायालयात सिद्ध झाला नाही, आणि दोष रंगाचा होता असे तर मीही म्हणत नाही. पण आज हाच जीवाणू रुग्णालयांतल्या संसर्गाचे एक जानेमाने कारण आहे. निरुपद्रवीपणा पाहणी करून ठरतो, रंगरूप पाहून नाही.

‘अँटिऑक्सिडंट’ या मंत्राचेही तसेच. मिठागरातले पाणी दाट होत गेले की लालसर-गुलाबी होते. त्यात ड्युनालिएला या एकपेशीय शेवाळाचा मोठा हात असतो. भाजून काढणारे ऊन आणि मीठ यांपासून बचाव म्हणून ते स्वतःत बीटा-कॅरोटीन साठवते. ऑस्ट्रेलियात त्याची मोठाली तळी आहेत. बीटा-कॅरोटीन खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असे निरीक्षण होते, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची रीतसर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : ज्यांना रोज वीस मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली दुसरी चाचणी अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कैवारी लगेच म्हणतात की त्या गोळ्या कृत्रिम होत्या. खरे आहे. शेवाळातल्या कॅरोटीनमध्ये त्याच रेणूचे एक वळलेले रूपही बरेच असते, तेही खरे. मग त्या वळलेल्या रूपाने धूम्रपान करणारे वाचतात हे तितक्याच माणसांवर दाखवावे. तोपर्यंत गाजर खावे.

स्वयंपाकघरात या साऱ्याचा एक छोटा प्रयोग रोज होतो. कोळंबी आणली की ती करडी-निळसर असते. कढईत टाकली की दोन मिनिटांत शेंदरी. हा शेंदरी तेलातिखटाने आलेला नाही, तो आत होताच. त्याचे नाव अॅस्टाझँथिन. जिवंत कवचात तो एका प्रथिनाच्या मिठीत असतो आणि त्या मिठीत त्याची प्रकाश शोषण्याची तऱ्हा इतकी बदलते की शेवंडाच्या एका युरोपीय भाईबंदाच्या कवचात तर तो गडद निळा दिसतो. आचेने प्रथिनाची घडी मोडते, रंग सुटा होतो, आणि आपल्याला कळते की कोळंबी शिजली. याचा अर्थ असा की समुद्री जीवाचा पुष्कळसा ‘रंग’ हा त्या रेणूचा एकट्याचा नसतो. तो जीव, ते प्रथिन, तो खारेपणा या सगळ्यांचा मिळून असतो. बाहेर काढला की तो रंग तोच राहील, ही अपेक्षाच चुकीची. स्पिरुलिनातला निळा फायकोसायनिन हाही प्रथिनाला जखडलेला. थंड दुधात झकास दिसतो, दूध उकळले की मेला. लिंबाच्या सरबतातही त्याची तीच गत. आपल्या रंगाऱ्यांच्या भाषेत हा कच्चा रंग. त्याला पक्का करण्यासाठी जी प्रक्रिया करतात ती सारी कारखान्यातलीच असते.

सगळेच कच्चे आहेत असे मात्र नाही, आणि इथे मी पूर्वपक्षाला त्याने न मागितलेला पुरावा देतो. माकुलाची शाई म्हणजे मेलॅनिन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ज्युरासिक काळातल्या माकुलवर्गीय जीवांचे अश्म सापडतात, त्यांत शाईच्या पिशव्याही. १८३३ मध्ये एलिझाबेथ फिल्पॉट यांनी ती दगड झालेली शाई पाण्यात कालवून एका जीवाश्माचे चित्र काढले. २०१२ मध्ये सोळा कोटी वर्षांपूर्वीची अशी शाई तपासली तेव्हा तिच्यातले मेलॅनिन आजच्या माकुलाच्या शाईशी जुळले. याहून पक्का रंग कुठे मिळणार? पण तो काळपट, जवळजवळ कशातच न विरघळणारा. माकूल साफ करताना पिशवी फुटली तर ओट्याच्या फरशीवर आणि नखांत काय होते ते घरोघर माहीत आहे. तरी त्यातून लुगडे रंगवायचे कुणाच्या मनात आले नाही. कोकणातल्या बायकांना रंगाची नजर नव्हती असे कोण म्हणेल?

नैसर्गिक-कृत्रिम भेद पूर्ण खोटा आहे, असेही मी म्हणणार नाही. अॅस्टाझँथिनच्या बाबतीत तर तो मोजता येतो. या रेणूची दोन टोके उजवी-डावी वळू शकतात. हिमॅटोकॉकस शेवाळ एकच तऱ्हा बनवते, दक्षिण ध्रुवाकडचा क्रिल मुख्यत्वे तिची आरशातली प्रतिमा, आणि कारखान्यातला रेणू या दोन आणि एक टोक असे, एक तसे अशी तिसरी, या तिन्ही तऱ्हांचे ठरीव मिश्रण असतो. म्हणून बाजारातला रावसासारखा दिसणारा गुलाबी सामन समुद्रातला आहे की पिंजऱ्यातला, हे त्याच्या रंगाच्या तपासणीवरून सांगता येते. पिंजऱ्यातल्या सामनला हा रंग खाद्यातून द्यावा लागतो, नाही तर मांस फिकट राहते आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. त्या खाद्यातला रंग बहुतांशी कारखान्यातलाच असतो. जो मासा ‘समुद्राची देणगी’ म्हणून ताटात येतो त्याचा गुलाबी खनिज तेलातून आलेला असू शकतो, आणि त्याने कुणाचे काही बिघडल्याचे दिसत नाही.

पूर्वपक्षाचे सर्वांत वजनदार साक्षीदार मेक्सिकोत आहेत. ओआहाका प्रांतातले मिश्तेक रंगारी हिवाळ्यात पॅसिफिकच्या खडकांवर जातात, लाटा चुकवत शंख सोडवतात, त्याला डिवचून त्याचा रस सरळ सुताच्या लडीवर पाडून घेतात आणि शंख पुन्हा ओल्या, सावलीतल्या कपारीत ठेवतात. जीव जगतो. पुढच्या फेरीआधी त्याला विसावा देतात. यापुढे मी हात जोडतो. हे खरे शाश्वत काम आहे. पण त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९८०च्या दशकात एका परदेशी कंपनीला या रंगाची गोडी लागली, बाहेरची माणसे खडकांवर उतरली, विसावा संपला, शंख झपाट्याने घटले. १९८८ मध्ये मेक्सिको सरकारला त्यांना कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. ती पद्धत मोजक्या माणसांच्या मोजक्या लुगड्यांसाठी होती तोवरच शाश्वत होती. ‘सगळीकडे आणा’ म्हणणाऱ्यांना ती साक्ष देत नाही.

मग जीवाणूंना पिंपांत वाढवा, असे म्हणणे येते. जरूर वाढवावे. पण साखर घालून, हवा फुंकून, द्रावके वापरून, पोलादी टाकीतून काढलेल्या रंगाला कारखान्याचा माल म्हणावे आणि कारखान्याच्या मालाला लागतात त्याच चाचण्या त्यालाही लावाव्यात. ‘नैसर्गिक’ हा त्यांतून सुटण्याचा परवाना होऊ नये.

तर मग समुद्राच्या रंगांचा उपयोग काय? माझ्या मते फार मोठा आहे, आणि कैवारी नेमका तोच झाकून ठेवतात, कारण तो डोळ्यांत भरत नाही. खोल पाण्यात लाल प्रकाश पोचत नाही, हिरवा-निळाच पोचतो. तो पकडायला लाल शेवाळांकडे फायकोएरिथ्रिन असते. त्याच्या एका रेणूत प्रकाश टिपणारे चौतीस घटक बसवलेले आहेत. शेवाळातून सुटे केले की तो टिपलेला प्रकाश केशरी चमक होऊन बाहेर पडतो. ग्लेझर, स्ट्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तो प्रतिपिंडांना जोडून दाखवला. तेव्हापासून रक्तातली हवी ती पेशी त्या चमकेवरून ओळखता येते. एचआयव्हीच्या रुग्णाच्या सीडी-फोर पेशी मोजणाऱ्या यंत्रांत हा शेवाळाचा रंग वापरला जातो. लागतो तो कणाच्याही कणाइतका. इथे शेवाळाला नेमके तेच काम दिले आहे जे ते समुद्रात करत होते, प्रकाश धरण्याचे.

आणि ओसामू शिमोमुरा. १९६१च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला त्याने सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले, त्यांच्या छत्रीच्या कडा कापल्या, पिळल्या आणि काही मिलिग्रॅम चमकणारे प्रथिन मिळवले. जोडीला एक हिरवे चमकणारे प्रथिनही आले. पुढची कित्येक वर्षे तो बायकापोरांसह धक्क्यावर जाळी घेऊन उभा असे. सगळे मिळून साडेआठ लाख जेलीफिश झाले. इथवर ही गोष्ट फ्रिडलेंडरचीच आहे, शंखांच्या जागी जेलीफिश. पण १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर याने त्या हिरव्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले, दोन वर्षांनी मार्टिन चाल्फीने ते जीवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवले, आणि त्यानंतर या कामासाठी एकाही जेलीफिशला पिळावे लागले नाही. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळाले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशीच्या आत कोणते प्रथिन कुठे जाते ते त्या हिरव्या ठिपक्यावरून दिसते. त्याने ना कुणाचे सोवळे रंगले, ना आइस्क्रीम.

समुद्र अथांग आहे म्हणून रंग सरणार नाहीत, या म्हणण्याला उत्तर द्यायचे राहिले. त्यासाठी लेबनॉनला जायला नको. काटेरी शंखांच्याच कुळातला एक लहानसा शंख आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खडकांवर राहतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये त्याच्याविषयी एक नोंद प्रसिद्ध केली : माद्यांना नराची इंद्रिये फुटत आहेत. जगात इतरत्र हे आधी दिसलेले होते आणि कारण माहीत होते. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि कालवे चिकटू नयेत म्हणून कथिलाचे एक संयुग मिसळलेला रंग देत असत. तो झिजून पाण्यात उतरे आणि या कुळातल्या माद्यांची वीण बंद पाडे. त्या रंगावर जागतिक बंदी लागू व्हायला २००८ उजाडले. शंखाचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस.